मला कितीसं लागतं?

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाने गेल्या काही वर्षांत जेवणावरून घातलेला सगळ्यात मोठा वाद म्हणजे 'दिवसातून दोनदा की दर दोन तासांनी'. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणाले, दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत ताट उरका, म्हणजे इन्सुलिन उठसूट वर चढणार नाही. ऋजुता दिवेकर म्हणाल्या, थोडं थोडं, वारंवार आणि घरचं खा, तुपाला भिऊ नका. घराघरांत दोन पक्ष पडले. लग्नाच्या पंगतीत 'आम्ही दीक्षितवाले' म्हणत लोक जिलबीवर हात आडवा धरू लागले. मी दोन्ही बाजूंची भाषणं आवडीने ऐकली आहेत. पण हा वाद ज्यांच्या फडताळात दोन्ही पर्याय आयते हजर असतात त्यांचा आहे.

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी पुण्याने याहून कितीतरी मोठा वाद पाहिला. माणसाला लागतं किती, हाच प्रश्न तिथेही होता. फक्त तो पोट कमी करायला निघालेल्यांचा नव्हता. देशात उपाशी माणसं नेमकी किती, हे त्याच्या उत्तरावर ठरणार होतं. तो वाद आज फारसा कुणाला आठवत नाही. तरीही रेशनच्या दुकानात आणि शाळेच्या खिचडीच्या टोपात आपण अजून त्यातलंच अर्धकच्चं उत्तर शिजवतो आहोत, असं माझं म्हणणं आहे.

१९७१मध्ये पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढं अन्न कुटुंब ज्या खर्चाच्या पातळीला विकत घेतं, ती त्यांची दारिद्र्यरेषा. १९६०-६१च्या भावांनी खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये, शहरात २७०. पुढे १९७९मध्ये नियोजन आयोगाच्या गटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० कॅलरी धरल्या, आणि देशाची गरिबी पुढची कित्येक वर्षं त्या खुंटीला बांधली गेली. २००९मध्ये तेंडुलकर समितीने ते दावं सोडलं.

दांडेकरांच्या या मोजपट्टीला आव्हान दिलं ते पां. वा. सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मलेले सुखात्मे संख्याशास्त्रातलं जागतिक नाव. रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत वीसेक वर्षं काढून ते पुण्याला परतले होते. त्यांचा मुद्दा ऐकायला साधा होता. माणूस रोज तेवढंच खात नाही आणि रोज तेवढंच जाळतही नाही. काम तेच, वजन तेच, तरी त्याचं खाणं एका पट्ट्यात खालीवर होत राहतं आणि शरीर आतून आपला हिशेब जुळवून घेतं. मग सरासरी गरजेच्या खाली जो जो असेल त्याला उपाशी म्हणणं चूक. रेघ त्या पट्ट्याच्या खालच्या काठाला ओढायला हवी. तशी ती ओढली की देशातले उपाशी एकदम निम्म्याहूनही कमी होतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत यावर दांडेकर, सुखात्मे आणि इतर अनेकांनी पानंच्या पानं लिहिली.

सुखात्म्यांना खलनायक करणं सोपं आहे, आणि पुढे तसं झालंही. पण त्यांचं अर्धं म्हणणं खरं होतं, म्हणूनच त्याच्याकडे नीट बघायला हवं. शरीर खरोखरच भागवून घेतं. कसं, ते बघू.

बिस्किटाच्या पुड्यावर जो कॅलरीचा आकडा छापलेला असतो त्याच्या मागे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲटवॉटर नावाच्या प्राध्यापकाने केलेली मोजणी आहे. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन म्हणजे साधारण चार कॅलरी, एक ग्रॅम स्निग्ध म्हणजे नऊ. (आपण बोलताना ज्याला कॅलरी म्हणतो ती शास्त्रातली किलोकॅलरी.) या हिशेबाला शरीर ही भट्टी वाटते. पण भट्टी जळण साठवत नाही, स्वतःच्या भिंती मोडून पेटत नाही, आणि भट्टीला बाळ होत नाही. शरीर ही तिन्ही कामं करतं.

भाकरी खाल्ली की तिची साखर रक्तात येते. लगेच लागेल तेवढी वापरली जाते आणि उरलेली यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून जाते. हा स्वयंपाकघरातला पिठाचा डबा. यकृतातला डबा लहान, शंभर ग्रॅमच्या आसपास. स्नायूंतला मोठा, चारेकशे ग्रॅमचा. दोन्ही मिळून दीड-दोन हजार कॅलरी, म्हणजे जेमतेम एका दिवसाचा शिधा. त्यातही स्नायूंचा डबा स्नायू स्वतःच वापरतात, शेजाऱ्याला देत नाहीत. रात्रभर मेंदूला साखर पुरवायची ती यकृताने. वजनाने शरीराचा पन्नासावा हिस्सा असलेला मेंदू स्वस्थ बसल्या बसल्या शरीराच्या खर्चातला पाचवा हिस्सा गिळतो. डबा भरला की उरलेलं जातं पेवात, म्हणजे चरबीत. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी. अंगावर दहा किलो चरबी बाळगणारा माणूस, जो कुणालाही लठ्ठ वाटणार नाही, तो महिन्याभराचं धान्य पुरून हिंडत असतो. पाणी मिळत राहिलं तर दीर्घ उपोषणात माणूस आठवडेच्या आठवडे जगतो, तो याच पेवावर.

प्रथिनाला मात्र कोठार नाही. शरीरातलं सगळं प्रथिन कुठल्या ना कुठल्या कामावर असतं: स्नायू, आतड्याचं अस्तर, रोगाशी लढणाऱ्या पेशी. ते कमी पडलं तर शरीर घराचे वासे काढून चुलीत घालतं. घर लगेच पडत नाही. बाहेरून तर काहीच दिसत नाही.

आणि शेवटची युक्ती म्हणजे खर्चच कमी करणं. १९४४-४५मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने निम्म्या अन्नावर ठेवलं. युद्धात बंदूक धरायला नकार देणारे हे तरुण प्रयोगासाठी स्वखुशीने पुढे आले होते. त्यांचं वजन पाव भागाने उतरलं, आणि विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च त्याहूनही जास्त, सुमारे चाळीस टक्क्यांनी. शरीराने जुळवून घेतलं! पण कसं? नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, जिना चढवेना, कशात मन लागेना, दिवसरात्र डोक्यात फक्त अन्न. प्रयोगाच्या अखेरीस सुखात्म्यांच्या आलेखात ही माणसं 'समतोल' गाठलेली दिसली असती: जेवढं आत तेवढंच बाहेर, वजन स्थिर.

माझं भांडण इथे आहे. शरीर भागवतं हे निरीक्षण झालं. भागवतं म्हणून चालेल, हा निवाडा आहे. पहिलं शरीरशास्त्र, दुसरं राजकारण, आणि दोन्ही एकाच वाक्यात आली की ऐकणाऱ्याला सांधा दिसत नाही. सुखात्मे स्वतः खूप सावध होते, पण त्यांच्या पाठोपाठ डेव्हिड सेक्लर हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ 'लहान पण निरोगी' ही मांडणी घेऊन आले: भारतातली बुटकी, किडकिडीत मुलं बहुतेक आजारी नाहीत, ती कमी अन्नाच्या मापाने घडली आहेत. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी त्यावर कडाडून टीका केली. मूल कमी मिळालं की आधी खेळणं कमी करतं, मग वाढणं. खुंटलेली वाढ निदान उंचीच्या तक्त्यावर तरी उमटते. न खेळलेल्या खेळाची नोंद कुठल्या रजिस्टरात असते?

आमच्या घरात या वादाला एक वाक्य होतं. आजी ७२च्या दुष्काळात कामावर जायची, खडी फोडायला आणि नाल्याच्या बांधावर माती वाहायला. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीची आणि लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरीची आठवण त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. आजी सगळ्यांना वाढून झाल्यावर बसायची आणि कुणी ताटात अजून चतकोर टाकायला गेलं की म्हणायची, "मला कितीसं लागतं?" दुष्काळ सरला, घरात बरे दिवस आले, तरी ते वाक्य गेलं नाही. अवजड काम करणाऱ्या बाईला दिवसाला २७२० कॅलरी लागतात असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२०ची शिफारस सांगते. आजीला हा आकडा सांगितला असता तर ती हसली असती. तिच्या शरीराने भागवलं होतं, याचा तिला अभिमानच होता. गरिबीच्या अभ्यासकांना ती कॅलरीच्या तुटीत दिसली असती आणि सुखात्म्यांना पट्ट्याच्या आत. तिच्या पोटी जन्मलेल्या लेकरांचं काय झालं, हे विचारायची सोय दोघांच्याही मोजपट्टीत नव्हती.

ती सोय पुढे पुण्यातच झाली. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला: गर्भार राहण्याआधीपासून त्या काय खातात, किती राबतात, बाळ कसं होतं. बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. इथवर नवल नाही. नवल पुढे होतं. चिमटीत धरून खांद्यामागची कातडी मोजली तर तिथली चरबी गोऱ्या बाळाच्या जवळपास बरोबरीची. आठशे ग्रॅमची तूट चरबीने फारशी सोसलीच नव्हती. ती स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी सोसली होती. आईच्या पोटात टंचाई पाहिलेल्या त्या जीवाने वासे बारीक ठेवले आणि पेव राखलं.

याच गोष्टीचं मोठ्या माणसातलं रूप याज्ञिकांनी स्वतःला पुढे करून दाखवलं. २००४मध्ये त्यांचा आणि लंडनचे डॉक्टर मित्र यडकिन यांचा जोडीने काढलेला फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचं अगदी सारखं, २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखे. आतला जमाखर्च पार वेगळा.

याने काय बिघडतं? जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. स्नायू थोडे म्हणजे डबा लहान. लहान डब्यात भाताचं मोठं ताट ओतलं की साखर रक्तात रेंगाळते, इन्सुलिनला जादा राबावं लागतं. उरलेलं कातडीखालच्या पेवात जातं. पण त्या पेवालाही मर्यादा असते. ते भरलं की चरबी यकृतात आणि स्वादुपिंडाच्या आसपास साचू लागते आणि इन्सुलिनचं काम आणखी अवघड करते. म्हणून आपल्याकडे पोट सुटलेल्या शेठजीइतकाच सडपातळ रिक्षावालाही मधुमेही निघतो. त्या सहा गावांतली बाळं अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांतली जवळपास निम्मी अजून वजनाने कमीच होती, आणि तरी दहातल्या सुमारे तिघांची साखर वाढू लागली होती. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. 'आता कसली उपासमार, आता तर लठ्ठपणाचा प्रश्न' असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. दोन वेगळे देश नाहीत हे. बऱ्याचदा एकाच शरीराची दोन वयं आहेत.

भागवून घेतलेलं फुकट नव्हतं. आजीच्या पिढीची उधारी नातवंडांच्या नावावर चढली.

आता त्या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. त्या गावांतल्या गर्भार बायका दिवसाला सुमारे १८०० कॅलरी खात होत्या, म्हणजे दांडेकरांच्या रेषेच्या बऱ्याच खाली. पण त्या बायकांमध्येच तुलना केली, तर कुणी किती कॅलरी खाल्ल्या याचा बाळाच्या आकाराशी संबंध लागेना. संबंध लागला तो पालेभाज्या, फळं आणि दुधाशी. आणि उलटा संबंध लागला कष्टाशी: पाणी भरणं, धुणं, शेतातली कामं जितकी जास्त तितकं बाळ लहान. असा संबंध म्हणजे पुरावा नव्हे, हे मान्य. पण यातला प्रत्येक निष्कर्ष आपल्या धोरणाच्या नेमका उलट आहे. शिवाय तीनातल्या सुमारे दोघींमध्ये ब१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. ते वनस्पतीत नसतं. दूध, अंडं, मांस, मासे यांतच असतं. आणि ज्या पट्ट्यात दारोदारी संकरित गाई आहेत तिथे दूध डेअरीच्या कॅनमध्ये जातं आणि घरात कोरा चहा होतो, हे त्या भागात कधीही पाहुणचार घेतलेल्याला ठाऊक आहे.

या उजेडात रेशनकडे बघा. अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, आता फुकट. दिवसाला १६७ ग्रॅम, म्हणजे पावणेसहाशे कॅलरीच्या आसपास. मी ते बंद करा म्हणत नाही. धान्याची ती हमी नसती तर टाळेबंदीत काय झालं असतं याची कल्पनाही नको. पण ते जवळपास सगळं तांदूळ आणि गहू. कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने द्यायची तरतूद होती. आमच्या ज्वारी-बाजरीच्या मुलखातही रेशन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो तांदूळच. डाळ नाही. मग सणाला सरकारला दया आली तेव्हा काय दिलं? २०२२च्या दिवाळीत शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' आला: रवा, चणाडाळ, साखर, पामतेल, सगळं किलो-किलो, तेल लिटरभर. ज्याचा डबा लहान आहे त्याच्याकडे चार जिनसांपैकी तीन अशा पाठवल्या की ज्या थेट पेवात जातील. सण आहे, लाडू करू द्या, एवढं मीही समजते. पण उरलेलं वर्षभर काय?

शाळेचं जेवणही कॅलरीच्याच तराजूत तोललेलं आहे: प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिन, उच्च प्राथमिकला ७०० आणि २० ग्रॅम. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांना केळं. यावर जो गदारोळ झाला तो धर्माचा झाला, पोषणाचा नाही. मी शुद्ध शाकाहारी घरात वाढले आहे, त्यामुळे अंड्याच्या वासाने उठून जाणारं मूल मला परकं नाही. त्याच्यावर जबरदस्ती नकोच. पण अंड्याऐवजी केळं, ही अदलाबदल ज्याला सुचली त्याने नक्की कॅलरी मोजल्या असणार. अंड्यात सत्तर, केळ्यात नव्वद-शंभर. म्हणजे केळंच सरस! प्रथिन बघा: अंड्यात सहा ग्रॅम, केळ्यात एक. ब१२ बघा: केळ्यात शून्य. शाकाहारी मुलाला द्यायचा तर दुधाचा पेला द्यायला हवा होता.

आणि जानेवारी २०२५मध्ये अंड्याचे पैसेच थांबले. द्यायचं असेल तर शाळांनी लोकसहभागातून द्यावं, असं सांगण्यात आलं. त्याच आदेशात साखरेचे पैसेही थांबले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या गावात पालक दिवाळीनंतर कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेले असतात, तिथला लोकसहभाग म्हणजे मुख्याध्यापकांचा खिसा. तमिळनाडूत शाळेच्या प्रत्येक दिवशी मुलांना अंडं मिळतं, आणि रेशनवर तूरडाळ मिळते. तिथलं सरकार काही आपल्याहून दुप्पट श्रीमंत नाही. तिथे ते कुणी काढून घेऊ धजत नाही, एवढंच.

अंड्यावर थांबलो तर आपण पुन्हा ताटातच अडकू. सुखात्म्यांचं जे अर्धं म्हणणं खरं होतं त्यात एक गोष्ट आपण पार विसरलो: ते सारखं स्वच्छ पाणी आणि स्वच्छतेबद्दल बोलत. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाच्या आतड्याचं अस्तर झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि जे लागतं त्यातलं पुष्कळसं तापाशी झुंजण्यात जळतं. अशा मुलाला दुप्पट खिचडी देऊन भागत नाही. विरोधकांना हे अन्नाचा प्रश्न टाळण्याचं निमित्त वाटलं. सरकारांनी दोन्हीही टाळलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस मुलं खुजी निघाली. त्यातली कितीजण उपाशी आणि कितीजण वारंवार आजारी, हे अंगणवाडीचा वजनकाटा सांगू शकत नाही. नळाला येणारं पाणी हे पोषणाचं साधन आहे, दोनदा: एकदा आतड्यासाठी आणि एकदा त्या गर्भार बाईसाठी, जिची डोक्यावरच्या हंड्यात जाणारी ऊर्जा बाळाला मिळाली असती. पण पाणीपुरवठा एका खात्याचा, अंगणवाडी दुसऱ्याचं, रेशन तिसऱ्याचं आणि शाळेची खिचडी चौथ्याची. शरीर एकच आहे याची शासनाला अजून नोटीस गेलेली नाही.

त्या सहा गावांत १९९४ ते १९९६च्या दरम्यान जन्मलेली ती बाळं आता तिशीला टेकली आहेत. २०१२पासून त्यांच्यातल्या मुलामुलींना, लग्नं होण्याआधीच, ब१२ देऊन बघायचा प्रयोग त्याच गटाने हाती घेतला, कारण गर्भ राहिल्यावर गोळ्या सुरू करणं म्हणजे उशीर झालेला असतो असं त्यांना वाटत होतं. मग त्यांचीही लग्नं झाली, बाळं झाली, ती वजनकाट्यावर ठेवली गेली. आजीपासून नातवंडापर्यंत मोजायला तीसेक वर्षं लागली. शाळेतलं अंडं मंजूर झालं होतं ते २३ आठवड्यांसाठी.